डाग

अकोल्याची आत्या नवरात्रात अंबादेवीची ओटी भरायला म्हणून अमरावतीला आली, ती कोजागिरीपर्यंत राहिली. वय 62. जिल्हा परिषदेच्या शाळांत 34 वर्षं शिकवून निवृत्त झालेली. भाची डॉक्टर, मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 7 वर्षं काढून आता शहरात स्थिरावलेली. मार्गशीर्षात आत्याच्या धाकटीचं लग्न आहे. दुपारी दोघी पत्रिकांवर नावं घालत बसल्या होत्या. आत्यानं चष्मा काढला, गालावरून बोट फिरवलं आणि बोलणं सुरू झालं.

आत्या : हे पाह्य. गालावर सात, डोयाखाली तीन, मानेवरचे तं मोजतच नाई मी. लगनाच्या आधी हे सारे मस काढून घ्याचे हायेत. आमच्या शेजारच्या बाईनं काढले. गरम सुई लावते म्हने, अन् आठ दिवसांत खपली पडून जाते.

भाची : कुणाकडे काढले तिनं?

आत्या : पार्लरमंदी.

भाची : नको आत्या. पार्लरमध्ये तर नकोच, पण खरं सांगू का, कुठेच नको. गालावरचे दुखत नाहीत, खाजत नाहीत. आपल्या घराण्यातच आहेत ते. आजीला होते, बाबांना आहेत, उद्या मला येतील. सावळ्या कातडीवर तिशी-चाळिशीनंतर असे बारीक काळे दाणे येतात. बायकांना जास्त. त्यांच्यापासून काही म्हणता काही धोका नाही. मग निरोगी चेहऱ्याला चटके कशाला द्यायचे?

आत्या : चटके काऊन म्हनते? इलाज म्हन ना.

भाची : मला दुसरा शब्द सुचत नाही. मेळघाटात असताना महिन्याकाठी एक तरी लेकरू असं यायचं, ज्याच्या पोटावर डम्मा दिलेला असायचा. बाळाचं पोट फुगलं, ते रडायचं थांबेना, की विळा नाही तर लोखंडी सळई चुलीत तापवायची आणि बेंबीभोवती टेकवायची. आतला आजार जळून जातो, ही समजूत. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिले होते. पासष्ट, आत्या. एवढंसं पोट असतं गं त्यांचं. मी पाड्या-पाड्यांवर जाऊन सांगत फिरले की आगीनं आजार जात नाही. आता तू म्हणतेस, पैसे देऊन चटके घेऊन येऊ.

आत्या : त्या लेकराले कोनी इचारलं होतं?

भाची : म्हणजे?

आत्या : म्हंजे असं, का तुह्या मेळघाटातल्या लेकराले कोनी इचारलं नाई. मले कोनी जबरदस्तीनं धरून नाई बसवलं. मी सोताहून म्हनून रायली. हा फरक तुले लहान वाटते का? अन् हे पाह्य, जबड्याखाली. हा पांढरा वळ दिसते?

भाची : तो लहानपणी भाजल्याचा ना?

आत्या : भाजल्याचा नाई. बिब्याचा. मी अकरा वर्षांची होती. तिथं एक चामखीय होती, आजीनं बिबा टोचला. बिबा असा उतला, असा उतला, का अर्धं तोंड सुजलं, पानी वाहे. चामखीय गेली, वळ रायला. तवाही मले कोनी इचारलं नोतं. त्याच्या आधी घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाह्यला होता, मंग चुना अन् धुन्याचा सोडा लावून पाह्यला. आजीचं प्रेम होतं माह्यावर, तुह्या मेळघाटातल्या मायचंही असंल. दवाखाना लांब होता, रात्र होती, जवय होतं ते लावलं. आता दवाखाना जवय हाये. इचारून, समजून घेता येते. तं तू म्हनते नको.

भाची : माया असते, ते मलाही ठाऊक आहे. पाड्यावरची आई रात्री लेकरू उराशी धरून बसते, रस्ता नाही, गाडी नाही, अशा वेळी भूमका, म्हणजे पाड्यावरचा वैदू, एकटाच धावून येतो. त्या आईवर मी कधी रागावले नाही. पण तुझ्या बाबतीत मला वेगळीच भीती वाटते. मेळघाटात अज्ञानानं डागतात, शहरात लाजेनं डागून घेतात. सावळं असणं, वय दिसणं, चेहऱ्यावर ठिपका असणं, हे सगळं काहीतरी चुकल्यासारखं बाजारानं आपल्या मनात भरवून दिलंय. आता लग्नाचे फोटो मोठे करून बघतात, त्यात प्रत्येक ठिपका दिसतो. तू 34 वर्षं पोरांना सांगत आलीस, माणूस गुणांनी ओळखावा. तीच तू आता ठिपके मोजतेस, याचं मला वाईट वाटतं.

आत्या : थांब. बाजाराचं तू खरं सांगतलं. पन माह्या मनातलं तुले ठाऊक नाई. चष्म्याची दांडी या दान्यावर घासते. डोकं विंचरताना कानामागचा मस फनीत सापडते, रक्त येते. मानेवरच्यात पोत अडकते, झोपेत ओढली गेली तं जाग येते. अन् हे सारं नसतं, तरी मले चांगलं दिसावं वाटलं तं तो गुन्हा हाये का? सारी उमर दुसऱ्याचं पाह्यलं. सासूचं दुखनं, पोरींची शिक्षनं, शायेची हजेरी. आरशात बसून सोताले पाहाले आता टाइम भेटला. मले वाटते हे नसावे. लाज म्हनून नाई. घरातली भिंत रंगवावी वाटते ना, तसं.

भाची : …हे मला कळलं नव्हतं.

आत्या : आता दुसरं आयक. धाकटीच्या गालावर तीय हाये ना, तुले ठाऊक हाये. साखरपुड्याच्या दिवशी तिकडच्या एका बाईनं सुचवलं, लेझरनं काढून टाका, आता सोपं असते. पोरगी माह्याकडे पाहाले लागली. मी इचारलं, तुले काढाचा हाये? ते म्हने, नाई आई, मले तो आवडते. मी तिथंच सांगतलं, तीय राहीन. कातडं तिचं, हुकूम तिचा. तिच्या गालाले कोनी सुई लावली असती, तं तो मी डम्माच म्हनला असता, मंग भलेही तो एसीतल्या दवाखान्यात दिला असता.

भाची : म्हणजे तुझ्या लेखी आग तीच. फरक कुणाच्या मर्जीनं, एवढाच?

आत्या : एवढाच नाई, पन पयला तोच. आपल्या भाषेतच पाह्य ना. कपड्याले पडते तो डाग. तापल्या लोखंडानं देतात तो डाग. अन् सोनाराकडून करून आनतो, तोही डागच. सोन्याचा डाग. तान्ह्या लेकराच्या गालाले आपन आपल्या हातानं काजयाची तीट लावतो, थेही डागच हाये. एकच शब्द. त्याचा दागिना कराचा का कलंक, हे मानूस ठरवते.

भाची : बरं. मर्जीचा मुद्दा मी मान्य करते. पण मर्जीनंतर दुसरी एक पायरी आहे, ती तुझी शेजारीण गाळून गेली. आगीला आधी सांगावं लागतं की समोर काय आहे. चामखीळ हा शब्दच जुन्या चर्मकीलावरून आलाय. सुश्रुतानं अग्निकर्माचा अख्खा अध्याय लिहिला आणि डागून बऱ्या होणाऱ्या गोष्टींत चर्मकील, तिलकालक यांची नावं घातली. म्हणजे चामखीळ आणि तीळ डागणं आपल्याकडे फार जुनं. पण त्याच माणसानं भाजण्याचे चार प्रकार सांगितले. नीट भाजलं ते सम्यक् दग्ध, मर्यादा ओलांडली ते अतिदग्ध. कुणाला डागू नये, कोणत्या ऋतूत डागू नये, तेही सांगितलं. आपण डागणं तेवढं उचललं आणि मर्यादा सोडून दिली.

आत्या : कोन्या ऋतूत नाई?

भाची : ग्रीष्मात आणि शरदात. आता शरदच चालू आहे.

आत्या : आमच्या अकोल्याले मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते. तिथं कोन डागून घेईन बाई!

भाची : आजचे त्वचेचे डॉक्टरही उन्हाळ्यात जपूनच करतात, कारण मात्र वेगळं आहे. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी फार जाग्या असतात. कातडीला इजा झाली की त्या जास्त रंग सोडतात. ताज्या, गुलाबी जखमेवर वऱ्हाडातलं ऊन पडलं की तिथे काळपट डाग उमटतो आणि महिनोन् महिने जात नाही. ठिपका काढायला गेलं आणि त्याहून मोठा डाग घेऊन आलं, असं होतं. उलट सुई खोल गेली तर रंगपेशीच मरतात, पांढरा ठिपका राहतो. तुझ्या जबड्याखालच्या वळासारखा.

आत्या : मंग ते गरम सुईचं यंत्र असते तरी काय? विळ्यासारखंच तापवतात?

भाची : जुन्या प्रकारात तसंच. विजेवर तार तापते आणि ती तार कातडीला टेकवतात. कॉटरी म्हणजे मुळात तेच. आता बहुतेक ठिकाणी वापरतात ते वेगळं आहे, तरी लोक त्यालाही कॉटरीच म्हणतात. त्यात सुई स्वतः तापलेली नसते. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी वीज तिच्यातून जाते आणि उष्णता कातडीच्या आत, सुईच्या टोकाशी तयार होते. घरातल्या विजेचा झटका बसतो, कारण ती स्नायूंना आखडवते. ही वीज इतक्या वेगानं दिशा बदलते की स्नायूंना ती जाणवत नाही. हे द'आर्सोनव्हाल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1891 मध्ये दाखवलं. पुढे अमेरिकेत विल्यम बोव्ही यांनी शस्त्रक्रियेसाठी यंत्र बनवलं. 1 ऑक्टोबर 1926 ला बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी ते डोक्याच्या गाठीवर वापरलं, कारण रक्तस्राव थांबवता येत नव्हता. डोक्याच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला आणलेलं तंत्र आता तुझ्या गालावरच्या दाण्याला लागतंय.

आत्या : अन् लेझर?

भाची : त्यातलं एक आपल्या माणसाचं आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत शोधला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. त्या किरणांची ऊर्जा पेशीतलं पाणी शोषून घेतं, आणि पेशी वाफ होऊन उडते. तो महाग पडतो. तुझ्या दाण्यांना साधी कॉटरी हलक्या हातानं केली तरी पुरते. आधी भुलेचं मलम लावून तासभर थांबायचं. मग दाण्याला नुसता सुईचा स्पर्श, खाली खणायचं नाही. दाणा पांढुरका होतो, नंतर खपली धरते. सात-दहा दिवसांत ती आपोआप पडते. नखानं काढायची नाही, हळद-चुना लावायचा नाही, डॉक्टर देतील ते मलम आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. छातीत पेसमेकर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आधीच्या जखमेचा वण फुगून मोठा झाला असेल, तर ते आधी सांगायचं. पार्लरमध्ये हे कुणी विचारतं का?

आत्या : नाई. इचारलं एवढंच, का किती काढाचे, दान्यामागं पैसे हायेत.

भाची : तिथेच घोळ आहे. पार्लरवालीला ठिपके मोजता येतात, ओळखता येत नाहीत. मानेवर लोंबणारे मऊ मस कधी कधी अंगातल्या साखरेची खूण असतात. वजन वाढलेलं, घरात मधुमेह, आणि मानेवर अचानक वीस-तीस मस आले, तर जाळायच्या आधी रक्त तपासायचं. मस जळेल, साखर तशीच राहील. तू शुगर कधी तपासली?

आत्या : तीन वर्षं झाले असतीन.

भाची : उद्या उपाशीपोटी जाऊ. दुसरं, त्वचेचा एक कर्करोग गोऱ्या लोकांत मोत्यासारखा चमकदार दिसतो, तोच आपल्यासारख्या सावळ्या माणसांत काळा दाणा होऊन येतो. दिसतो तिळासारखा, पण हळूहळू वाढतो, मधे खचतो, खपली धरतो, बरा होत नाही. तो वरवर जाळला की वरचा भाग जातो आणि मुळं आत वाढत राहतात. जळालेल्या तुकड्यातून तपासणाऱ्याला काही वाचताही येत नाही. म्हणून ज्याच्यावर शंका असेल ते जाळायचं नाही. तुकडा कापून काचेवर पाहायचा. तुझ्या जबड्याखालच्या त्या जुन्या वळावरही कधी न भरणारी जखम झाली, तर लगेच दाखवायचं.

आत्या : अन् फिका चट्टा असला तं?

भाची : त्याला आधी हात लावून विचारायचं, कळतंय का? तू तपोवन पाहिलंयस ना?

आत्या : पाह्यलं ना. शायेची सहल नेली होती. दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 मंदी कुष्ठरोग्यायसाठी उभं केलं ते. लोकं ज्यायले गावाबाहेर काढत, त्यायले त्यांनी घर देलं, काम देलं.

भाची : तिथे आलेल्या कितीतरी जणांची गोष्ट एका फिक्या, बधिर चट्ट्यापासून सुरू झाली असेल. लाजेनं लपवला, कुणी काही लावलं, कुणी डागला, आणि बधिर असल्यानं डागलेलंही कळलं नाही. आज त्या चट्ट्याला सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट. तुमच्या अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातही मिळतील. म्हणून मी म्हणते, आग शेवटी. आधी डोळे, मग हात, मग भिंग, आणि मग सुई. माझा विरोध खरं तर तुझ्या हौसेला नव्हता, हे आता बोलताना माझ्याच लक्षात येतंय. न ओळखता लावलेल्या आगीला होता. मेळघाटातही तेच होतं. पोट का फुगलं, हे कुणी पाहिलंच नाही, आणि विळा तापला.

आत्या : हे तू बरोबर बोलली. मी मर्जीचं पाह्यलं, तू वयखीचं पाह्यलं. दोन्ही लागतात. मर्जी नसली तं जुलूम, वयख नसली तं घात.

भाची : मग असं करू. आता ऊन आहे, दिवाळीचा पसारा आहे. दिवाळी झाली की त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे जाऊ. त्या दिव्याचं भिंग लावून एकेक दाणा पाहतील. आधी कानामागचे दोन काढू, ते कुठे काळे पडतात का पाहू, मग गालावरचे. लग्नापर्यंत महिनाभर मिळेल, कातडी सावरेल. अंगावर आणखी कुठे काही आहे का? नीट आठवून सांग. कपड्याखाली, नखाखाली, तळव्याला?

आत्या : तयपायाले एक हाये. त्याले काय कराचं, तो कोनाले दिसते!

भाची : दाखव.

आत्यानं पाय पुढे घेतला. टाचेच्या वर, तळव्याच्या मऊ भागात काळा डाग होता. भाचीनं तळवा ओल्या फडक्यानं पुसला, मोबाइलचा दिवा धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. एका बाजूला कड रेखीव होती, दुसऱ्या बाजूला शाई फुटल्यासारखी पसरलेली.

भाची : कधीपासून आहे?

आत्या : दोन-तीन वर्षं झाले असतीन. पयले तियाएवढा होता. मले वाटलं चप्पल लागली.

भाची : वाढलाय.

आत्या : हाव. थोडासा.

भाची : आत्या, मी तुला घाबरवत नाही. नव्वद गोष्टी असू शकतात, त्यातल्या बहुतेक साध्या. पण आपल्याकडच्या लोकांना काळ्या डागाचा कर्करोग होतो, तेव्हा तो गालावर क्वचित होतो. तळवा, तळहात, नख, या जागा त्याच्या. जिथे कुणी पाहत नाही. हा डाग कुणालाही जाळू द्यायचा नाही. दिवाळीपर्यंत थांबायचंही नाही. उद्या शुगर तपासून तसंच पुढे डॉक्टरांकडे जाऊ. त्यांना गरज वाटली तर हा कापून तपासायला पाठवतील.

आत्या काही वेळ पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहत बसली. मग तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

आत्या : मी गालावरचे सात मोजले, डोयाखालचे तीन मोजले. हा मोजलाच नाई.

भाची : गालावरचे मोजलेस म्हणून तर हा सापडला.

आत्या : मंग उद्या पयले हाच दाखवू. गालावरचे मागून. लगनात लोकं तोंड पाहतीन, पन पोरीच्या मागं मांडवापर्यंत मले पायानंच जाचं हाये.